तांदळाच्या डब्यातला शाफ्ट

श्रावण सरत आला की आमच्या घरातल्या मिठाला पाणी सुटतं. बरणीत चमचा रुतून बसतो. आगपेटीच्या काड्यांची टोकं घासून घासून झडतात, पण पेटत नाहीत. कपाटातल्या पर्सवर पांढरी बुरशी येते आणि बाथरूमचं दार फुगतं. आत जाताना खांदा लावायचा, बाहेर येताना आतल्याने हाक मारायची आणि बाहेरच्याने लाथ घालायची, अशी आमच्याकडे रीतच पडली आहे. भांडुपचं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि समोरच्या इमारतीची भिंत खिडकीला जवळजवळ टेकलेली. खिडकी उघडली तर पाऊस आत येतो, मिटली तर आमचाच वास आमच्याजवळ राहतो. हॉलमध्ये छताला टांगलेल्या दांड्यांवर ओले कपडे, आणि त्यांच्याखालून वाकून चालायचं. माणसं दोनच, आई आणि मी. पण या दिवसांत घर भरल्यासारखं वाटतं आणि त्यातून कुणी बाहेर जाईना असंही वाटतं.

परवा भातासाठी तांदूळ काढायला डब्याचं झाकण उघडलं. तळ गाठायला हात कोपरापर्यंत आत घातला आणि तसाच राहू दिला. या दिवसांत घरातली तेवढीच एक जागा कोरडी असते. गार, कोरडे दाणे बोटांतून सरकत होते, आणि मला तो पावसाळा आठवला. आठवला असं म्हणायचं आपलं. तो गेला होता कुठे?

त्या पावसाळ्यात या डब्यात माझा शाफ्ट उभा असायचा.

शाफ्ट म्हणजे पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळातल्या क्यूचा, म्हणजे काठीचा, पुढचा, निमुळता भाग. पूलची काठी दोन तुकड्यांची असते. मागचा जाड भाग हातात धरायचा आणि पुढचा त्याला आट्यांनी जोडायचा. खेळ सगळा या पुढच्या तुकड्यावर चालतो, म्हणून खेळणारी माणसं शाफ्टबद्दल अशी बोलतात, जशी आपल्याकडे सुनेबद्दल बोलतात. कुठून आणला, कसा निघाला, किती दिवसांत रुळला. मी हा खेळ अंधेरीच्या एका ऑफिसात शिकले. तिथे जेवणाच्या सुट्टीत मन रमवायला म्हणून एक टेबल ठेवलं होतं. बाकीच्यांचं मन चार दिवसांत रमून झालं. माझं तिथेच अडकलं. मी कॅरमच्या घरातली, चाळीत बाबांच्या मांडीवर बसून सोंगट्या घेतलेल्या. बाबा गेले, चाळ गेली, ऑफिसही बदललं, मुलुंडच्या पूल पार्लरमध्ये जाणं तेवढं चालू राहिलं. मावशीला अजून वाटतं की मी तिथे पोहायला जाते. मी तिचा गैरसमज कधी दूर केला नाही. पोहणाऱ्या मुलीला निदान तब्येतीचं निमित्त असतं.

या खेळात एक गंमत आहे. पांढऱ्या बॉलला मधोमध न मारता जरा डावी-उजवीकडे मारलं, म्हणजे आमच्या भाषेत साइड दिली, की तो स्वतःभोवती फिरत जातो. पुढच्या फटक्यासाठी त्याला हवं तिथे आणायचं तर साइड द्यावीच लागते. पण साइड दिली की बॉल निघतानाच नेमलेल्या रेषेपासून किंचित ढळतो. तुम्ही बघता एकीकडे, तो जातो दुसरीकडे. याला डिफ्लेक्शन म्हणतात. प्रत्येक शाफ्टचं हे ढळणं वेगळं असतं आणि खेळाडू ते हाताने पाठ करतो. माझा जुना शाफ्ट माझ्याशी खोटं बोलायचा, पण रोज तेच खोटं बोलायचा. त्यामुळे आमचं जमलं होतं. उजवी साइड द्यायची तर अर्धं बोट इकडे बघायचं, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हाताला माहीत होतं.

त्या वर्षी जुन्या शाफ्टच्या टोकाशी बारीक चीर गेली. पार्लर मिलिंदचं. तो माझ्याबरोबरीचा, तोही खेळणारा, घाटकोपरचा. त्याने चीर नखाने चाचपली आणि मान हलवली.

"ही जास्त दिवस नाही टिकणार, मनीषा. मॅचमध्ये गेली ना, तर वाट लागेल तुझी."

"निवडचाचणी गणपतीनंतर आहे रे."

"म्हणूनच बोलतोय. आत्ताच बदल. हाताला बसायला वेळ तरी मिळेल."

चाचणीचं सांगायला हवं. एका सरकारी कंपनीत खेळाडूंसाठी जागा निघाल्या होत्या. राज्याच्या संघात नाव असेल तरच अर्ज करता येणार होता आणि माझं वय त्या वर्षापुरतंच बसत होतं. पुढच्या वर्षी मी कितीही झकास खेळले असते तरी दार बंद. मी तेव्हा घाटकोपरला एका खासगी ऑफिसात होते. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि 'आपली गैरसोय झाली त्याबद्दल क्षमस्व' म्हणायचं. त्या खुर्चीतून उठायला मला एकच वाट दिसत होती आणि ती पूलच्या टेबलावरून जात होती.

नवा शाफ्ट आला तो काळ्या, लांबट खोक्यातून. खोका इतका देखणा की आईने त्यात अगरबत्त्या ठेवायच्या ठरवल्या. त्यावर चांदीच्या अक्षरांत बरंच लिहिलेलं होतं. डिफ्लेक्शन इतके टक्के कमी. ताकदीचं वहन इतके टक्के जास्त. दमट हवेचा परिणाम नाही. मी ते दोनदा वाचलं आणि विश्वास ठेवला. छापलेल्यावर आपण विश्वास ठेवतोच. आमच्या इमारतीच्या जाहिरातीत घराचा आकार छापला होता, तेव्हाही ठेवलाच होता. ताबा मिळाल्यावर कपाट आत जाईना, तेव्हा कळलं की छापलेल्या आकारात जिनाही धरलेला होता.

पहिल्याच संध्याकाळी नव्या शाफ्टने मी सोपे बॉल घालवायला लागले. शाफ्ट वाईट नव्हता. तो कमी खोटं बोलत होता, इतकंच. माझा हात मात्र जुन्या खोट्याचा हिशोब धरून बसलेला. आता तो हिशोब कमी करायचा, पण किती? खोक्यावर लिहिलं होतं कमी. कशापेक्षा कमी? माझ्या जुन्यापेक्षा? त्यांच्याच मागच्या मालापेक्षा? हे कुठेच नव्हतं. मिलिंदने खोका उलटा, सुलटा, आतून बघितला.

"टक्के दिलेत यार. कशाचे टक्के ते नाही दिलं."

तेव्हापासून मला 'कशापेक्षा' या शब्दाची खोडच लागली. तेलाच्या पिशवीवर 'कमी चिकट' दिसलं की मी दुकानात थबकते. कशापेक्षा? साबण 'जास्त सौम्य'. माझ्यासाठी आलेल्या एका स्थळाच्या बायोडेटात मुलाच्या अपेक्षा 'कमी' लिहिल्या होत्या. मी आईला म्हटलं, कशापेक्षा कमी ते विचार. आईने विचारलं नाही आणि ती माणसंही पुन्हा आली नाहीत. हसू येतं आता. तेव्हा येत नव्हतं. तेव्हा मी रोज ऑफिस सुटल्यावर घरून शाफ्ट घेऊन मुलुंडला त्या तळघरातल्या पार्लरमध्ये उतरायची. त्याला खिडकी नव्हती, एसीखाली बादली ठेवलेली, आणि टेबलाच्या हिरव्या कापडालाही ओल धरलेली. आम्ही मोजायचं ठरवलं. खडूने रेष आखायची, तोच फटका पुन्हा पुन्हा मारायचा आणि बॉल किती ढळतो ते शिंप्याच्या टेपने बघायचं. सोमवारी एक यायचं, मंगळवारी दुसरं. कधी कापड ओलं म्हणून, कधी माझाच हात ओला म्हणून. आणि मग शाफ्टही रोज वेगळा वागायला लागला. मला वाटलं, मलाच वेड लागलंय.

मी शाफ्टच्या कंपनीला मेल केला. सभ्य उत्तर आलं. आमची उत्पादनं खेळाडूंच्या अनुभवावर सिद्ध झालेली आहेत. मी पुन्हा विचारलं, मोजमाप काय? पुन्हा सभ्य उत्तर आलं. ही भाषा मला चांगली येत होती. दिवसभर मीच ती लिहीत होते.

एका शनिवारी मी ऑफिसातून लवकर घरी आले. आई बाजारात गेली होती. चहाबरोबर खायला काही मिळतं का बघायला स्वयंपाकघरात गेले, तर तांदळाच्या डब्याचं झाकण कलतं, त्यावर टॉवेल पांघरलेला आणि टॉवेलातून माझ्या शाफ्टचं टोक वर आलेलं. अर्धा तांदळात, अर्धा बाहेर. मी बघतच राहिले.

आई आली. तिच्या हातात कोथिंबिरीची ओली जुडी होती.

"आई, हे काय?"

"काय म्हंजे? वल लागात तेका. तांदूळ वल वडतत."

"रोज ठेवतेस?"

"तू हापिसात घेऊन जात नाय ना. घरात ऱ्हवता तवा ठेवतंय. संध्याकाळी तू येवच्या आदी पुसून परत जागेर. मीठ नाय ऱ्हवत, काडी नाय ऱ्हवत, लाकूड काय ऱ्हवतला?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे भिजलेला फोन तांदळात जातो, घड्याळ तांदळात जातं, एकदा बाबांचं श्रवणयंत्रही गेलं होतं. कोरडं ठेवायचं म्हणजे तांदळात, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. शाफ्टची रोज तितकी काळजी मीसुद्धा घेत नव्हते. फक्त फोन पूर्ण बुडतो. हा हाताएवढा लांब होता, अर्धाच बुडायचा. खालचं लाकूड सुकायचं आणि वरचं भांडुपची हवा पीत राहायचं.

मी तो पुसून फरशीवर लोळवला. आई शेजारी उकिडवी बसून बघत होती. शाफ्ट सरळ असला की लोळताना फरशीला चिकटून जातो. बाक असला की मध्येच खालून उजेडाची फट दिसते, जाते, पुन्हा दिसते. माझ्या शाफ्टखाली फट दिसली, गेली, पुन्हा दिसली.

आई उठली. कोथिंबिरीची जुडी तिथेच ठेवून ती गॅलरीत गेली. बराच वेळ आत आली नाही. मग दारातून म्हणाली, "मगे तांदळानच वाकली ना ती?"

तांदळाने वाकला असेल. किंवा आला तेव्हाच थोडा वाकडा असेल. नवा आला तेव्हा लोळवून बघायचं मला सुचलं नव्हतं, खोका इतका देखणा होता. खोक्यावर लिहिलं होतं की दमट हवेचा परिणाम नाही. ते खरं असेल तर आईचा दोष नाही, आणि खोटं असेल तर बाकीच्या आकड्यांचं काय? कारखान्यातून निघताना तो किती सरळ होता, हा एक आकडा कुठेतरी असता तर मी आईला हो किंवा नाही सांगू शकले असते.

त्या दिवसापासून आईचं जेवण कमी झालं. कशापेक्षा, ते मला ठाऊक होतं.

दर वर्षी गणपतीला ती मालवणजवळ आमच्या गावी जाते. लग्न होऊन आल्यापासून चुकवलेलं नाही. त्या वर्षी माझी चाचणी म्हणून ती राहिली होती. गावी निघालेल्या माणसांनी भरलेल्या गाड्या हायवेने कोकणात चालल्या होत्या आणि आम्ही दोघी त्या ओल्या घरात एकमेकींच्या नजरा टाळत होतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत झाली होती. जुना शाफ्ट चिरलेला. नवा वाकलेला. हात जुना अर्धा विसरलेला आणि नवा अर्धाच शिकलेला.

मी रजा टाकून अंधेरीला गेले. कंपनीचं ऑफिस तिथल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत होतं. भांडुपहून लिंक रोडने जाताना रिक्षा एका ठिकाणी अशी थांबली की रिक्षावाल्याने इंजिन बंद करून डोळे मिटून घेतले. ताडपत्रीच्या फटीतून माझ्या मांडीवर पाणी गळत होतं आणि मी शाफ्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून तान्ह्या पोरासारखा धरला होता. मला बदलून नको होता. भरपाई नको होती. मला फक्त तो आकडा हवा होता, आईला सांगण्यासाठी.

तिथला मॅनेजर तरुण होता, अदबीने वागणारा. चहा मागवला.

"मॅडम, डिफ्लेक्शन साध्या शाफ्टपेक्षा कमी आहे."

"साधा म्हणजे कुठला?"

"साधा म्हणजे..." त्याने थोडा विचार केला. "साधा."

"बरं, ते राहू दे. कारखान्यातून निघताना किती बाक तुम्ही चालवून घेता? तेवढं सांगा."

"झिरो, मॅडम."

"लिहून द्याल?"

तो हसला. वाईट हसला नाही, बिचारा अवघडून हसला. "तसं लिहून नाही देता येत."

"म्हणजे मोजता ना तुम्ही?"

"मोजतो ना. पण आकडे बाहेर देत नाही. लोक कॉपी करतात."

मी त्याला तांदळाचं सांगितलं. मीच सांगितलं, आपण होऊन. खरं उत्तर हवं तर आपणही खरं सांगावं, असं मला वाटलं. त्याचा चेहरा बदलला. सुटल्यासारखा दिसला तो.

"तांदळात? मग मॅडम, ते चुकीच्या साठवणुकीत येतं."

"पण खोक्यावर लिहिलंय दमट हवेचा..."

"हवेचा, मॅडम. तांदळाचा नाही."

चहा तसाच टाकून मी निघाले. खाली इस्टेटीच्या फाटकापाशी पाणी साचलं होतं. बाजूच्या गाळ्यातून लाकडाचा आणि पॉलिशचा वास येत होता. मला ढसाढसा रडायला आलं, आणि मी रडले. पावसात कुणाला कळत नाही, हा एक फायदा.

घरी आले तर आई दारातच उभी.

"काय म्हणाले?"

"मुळातच वाकडा होता म्हणाले."

तिने माझ्याकडे बघितलं. बिल्डरच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवलेली बाई ती. "तेंनी लिवन दिल्यानी?"

"नाही."

"मगे?" एवढं म्हणून ती पोळ्या लाटायला बसली.

चाचणी बोरिवलीला एका क्लबात झाली. मी जुना शाफ्ट घेऊन गेले. मिलिंदने चिरेवर दोरा गुंडाळून, चिकटवून दिला होता. पहिल्या मॅच बऱ्या गेल्या. शेवटची मॅच शेवटच्या बॉलवर आली. बॉल पॉकेटपासून वीतभर, फटका रोजचा, थोडी उजवी साइड देणं भाग होतं. मी वाकले. आणि हाताने नव्या शाफ्टचा नेम धरला, जुना शाफ्ट हातात असताना. सुटताक्षणी मला कळलं. बॉल पॉकेटच्या ओठाला लागून परत आला. समोरच्या मुलीने तो सहज घातला. तेलही गेलं, तूपही गेलं. बाहेर मिलिंद स्कूटरपाशी उभा होता. माझं तोंड बघून त्याने नुसतं हेल्मेट पुढे केलं.

मी अजून घाटकोपरच्या त्याच ऑफिसात आहे. खुर्ची बदलली, चाकांची आली. तक्रारी त्याच आहेत. त्या पदावर माझ्याऐवजी गेलेली मुलगी चांगली खेळते, तिच्याबद्दल मनात काही नाही. आहे, थोडं आहे.

आईने मात्र ते कधी सोडलं नाही. पुढच्या वर्षी गावी गणपतीपुढे गाऱ्हाणं घालताना तिने घरातल्या वडीलधाऱ्यांना मध्येच थांबवलं आणि त्यात आपलं एक वाक्य घालायला लावलं, माझ्या हातून लेकीचा काय वायट झाला असात तर ता माझ्यार पडांदे. मी मागे उभी होते, सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. वाकडा शाफ्ट तिने जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर ठेवून दिला. मला फेकू देईना, कुणाला हात लावू देईना. तांदळात त्यानंतर तिने काहीच ठेवलं नाही. माझा फोन बादलीत पडला तेव्हा म्हणाली, पंख्याखाली धर. आणि दर वर्षी हे दिवस आले, मिठाला पाणी सुटलं, की भाजी निवडता निवडता एकदा विचारायची, "मुळातच वाकडी होती ना गो ती?" मी म्हणायची, "हो गं." तिला ते पटायचं नाही. मलाही नाही. दोघीही मग भाजीकडे बघायचो.

परवा तांदळातून हात काढला, त्याच दुपारी मिलिंदचा फोन आला. बोरिवलीचं एक पार्लर बंद होतंय, तिथला माल त्याने उचलला होता.

"ऐक ना. तुझ्या त्या शाफ्टचा एक पीस आहे यात. तेच मॉडेल. सील तोडलेलं नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उघडून काचेवर लोळवून बघू का? का नको?"

पलीकडे आई लसूण सोलत होती. मिलिंद फोनवर मोठ्याने बोलतो. तिने ऐकलं होतं. हात पुसून ती उठली आणि साडी बदलायला आत गेली.

आम्ही रिक्षाने मुलुंडला गेलो. तळघराचा जिना आई भिंतीला धरून उतरली. इतक्या वर्षांत ती तिथे पहिल्यांदाच येत होती. टेबलांकडे, दिव्यांकडे बघत म्हणाली, "हय येत होतंस होय." मिलिंदने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. गल्ल्याच्या काचेवर तो काळा खोका ठेवला होता. चांदीची अक्षरं तीच.

"काकी, एक सांगतो," मिलिंद म्हणाला. "एकावरून दुसऱ्याचं सांगता येत नाही हां. हा सरळ निघाला म्हणून तो पण सरळच होता, असं नाही. वाकडा निघाला तरी तेच."

"कंपनीवाल्यांनी सांगल्यानी असता तर तुका हो त्रास कित्याक पडतो?" आई म्हणाली. "उघड रे बाबा."

मी मनातल्या मनात म्हणत होते, वाकडा निघ. एका लाकडाच्या तुकड्याने वाकडं निघावं म्हणून मी देवाला हात जोडले. खोट्या उत्तराची मला इतकी सवय झाली होती की ते खरं ठरावं, एवढंच मागणं उरलं होतं.

मिलिंदने सील कापलं, शाफ्ट काचेवर ठेवला आणि बोटाने ढकलला. खालून दिवा लावला होता. शाफ्ट काचेला चिकटून गेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फट दिसली नाही. त्याने पुन्हा लोळवला. तसाच.

आईने चष्मा काढून पुसला, घातला. "परत एकदा कर."

त्याने केलं.

"मगे माझ्याच हातान झाला," ती म्हणाली.

"आई, तो म्हणाला ना, एकावरून..."

"म्हणाला तो. ऐकलंय मी." ती खुर्चीत मागे टेकून बसली. मला वाटलं होतं ती रडेल. तिचे खांदे खाली आले, पुष्कळ चालून आल्यावर कुणी पिशवी खाली ठेवावी तसे. "चाय हा काय रे तुझ्याकडे?"

तिने दोन कप चहा घेतला. वर बिस्किटं मागितली.

येताना रिक्षा भांडुपच्या सिग्नलला थांबली. पाऊस तिरका होऊन आत येत होता. आई बाहेर बघत म्हणाली, "इतकी वर्सां तू माका खोटा सांगीत होतंस ना गो?"

"हो."

"बरां केलंस." मग सिग्नल सुटल्यावर, "पण जीव नुसतो अडकान ऱ्हवलो माझो."

माझा अजून अडकलेलाच आहे. तिने एका सरळ लाकडावरून स्वतःला शिक्षा सुनावली आणि मोकळी झाली. मला ते जमत नाही. तिचा दोष होता असं मी मानू शकत नाही आणि नव्हता असं सिद्ध करू शकत नाही. तो आकडा अंधेरीला कुठल्यातरी कपाटात असेल किंवा कधी मोजलाच नसेल. हेही मला कधी कळणार नाही.

घरी आल्यावर आईने स्टूल ओढलं, कपाटावरून साडीची गुंडाळी काढली आणि माझा शाफ्ट सोडवला. मी काही म्हणायच्या आत तिने धुतलेल्या कपड्यांची बादली ओढून घेतली. एकेक ओला कपडा शाफ्टच्या टोकावर घ्यायचा, छताच्या दांडीवर टाकायचा, मग त्याच टोकाने पसरवायचा. शाफ्ट बाकाच्या बाजूने वळवून ती कपड्याची घडी सोडवत होती. आधी मनगट किंचित डावीकडे न्यायची, मग टाकायची. माझी ओढणी, तिचा परकर, उशीचे अभ्रे. मी खाली बादलीपाशी बसून बघत होते. तिचा एकही नेम चुकला नाही.